घोंगडी आणि पक्क्या घराचा पत्ता

मी एक जुनी घोंगडी आहे. काळी, जाड आणि अंगाला टोचणारी. टोचण्याचं मी आधीच सांगून टाकते, कारण मला पांघरणारा प्रत्येक जण पहिल्या रात्री तीच तक्रार करतो आणि दुसऱ्या रात्री मला सोडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी मऊ ब्लँकेटं असतील. त्यांच्यावर वाघ असेल, नाहीतर ताटाएवढा गुलाब. माझ्यावर चित्रबित्र काही नाही. काठाला एक पांढरी रेघ आहे, तीही मळून राखाडी झालेली. पण त्या ब्लँकेटांना एकदा विचारून बघा, तुम्ही कोणाच्या अंगावरून आलात म्हणून. त्यांना सांगता येणार नाही. मला येतं. मी पिंपळगाव रेणुकाईच्या गोरक्षनाथांच्या मेंढरांची आहे. त्या कळपात एक काळी, चिडकी मेंढी होती. माझा निम्मा भाग तिचा. टोचण्याचा गुण तिथूनच आला असावा.

माझं सूत कडूबाईंनी काढलं. कडूबाई म्हणजे गोरक्षनाथांची बायको. त्या मेंढरांमागं चालता चालता चातीवर, म्हणजे हातातल्या लाकडी फिरकीवर, लोकर पिळायच्या. पाय चालू, हात चालू आणि तोंडही चालू. एखादी मेंढी कोणाच्या कपाशीत शिरली की त्या अशा ओरडायच्या की हातातलं सूत तुटायचं. मग गाठ मारून पुन्हा पुढं. माझ्या अंगावर इतक्या गाठी आहेत त्या यामुळं. एकेक गाठ म्हणजे कोणाचं तरी वावर आहे. पुढं एका म्हाताऱ्या विणकरानं मला मागावर घेतलं, चिंचोक्यांची खळ पाजली आणि उन्हात वाळवलं. मी अशी कडक झाले होते की भिंतीला टेकवून उभी करता येत होती!

त्याच साली गोरक्षनाथांच्या घरी मुलगी झाली. तिचं नाव मोनिका. तिला पहिल्यांदा गुंडाळलं ते माझ्यातच. ती टोचलं म्हणून रडली, आणि मग उबेनं झोपली.

पाऊसकाळ संपला की कळप निघायचा. आज या शिवारात, उद्या त्या. शेतकरी आपल्या वावरात मेंढरं बसवून घ्यायचे, कारण लेंड्यांचं खत चांगलं. बदल्यात धान्य द्यायचे. या सगळ्या प्रवासात मी काय काय नव्हते! रात्री अंथरूण. थंडीत पालाचं दार. पाऊस आला की डोक्यावरची खोळ. पाहुणा आला की त्याची बैठक. नुकतंच जन्मलेलं कोकरू गारठलं की आधी मला बोलावणं. कितीतरी कोकरं आणि मोनिका माझ्यात एकत्र झोपलेली आहेत, आणि सकाळी कोणाचं अंग कोणाचं हे ओळखायला कडूबाईंना वास घ्यावा लागायचा. लोक मला हात लावून म्हणायचे, काय दमदार घोंगडी आहे. मी आणखी कडक व्हायचे.

मोनिका शाळेच्या वयाची झाली तेव्हा तिचे आजोबा सांडूबाबा तिच्यासाठी गावातच राहू लागले. कळप पुढं जायचा, आजोबा-नात मागं. मीही त्यांच्याजवळच. फक्त सुट्ट्या लागल्या की आम्ही तिघं यष्टीनं कळप गाठायचो. तेव्हा मोनिका दिवसभर दगड वेचायची. गारगोट्या, फोडल्यावर आत चमकणारे खडे, लाल, हिरवे. ते सगळे माझ्या कोपऱ्यात बांधून आणायची. माझा एक कोपरा त्यामुळं फाटला. सांडूबाबा म्हणायचे, "ही पोरगी न्हाई, गोट्यांची मालगाडी हाय." पण रागवायचे नाहीत. उलट कोणत्या दगडाखाली पाणी लागतं, कोणत्या मातीत मेंढरू बसत नाही, हे तिला सांगायचे.

आता मी तुम्हाला ज्या दिवसाबद्दल सांगणार आहे तो तिच्या पहिलीतला आहे. तो फार आनंदाचा दिवस होता. म्हणूनच तो आठवला की माझ्या धाग्यांना पीळ पडतो.

शाळेनं आधार कार्ड मागितलं होतं. गावात कार्ड काढायचं शिबिर आलं तेव्हा मोनिका कळपाकडं होती, ते हुकलं. गोरक्षनाथ तिला घेऊन संभाजीनगरला बहिणीकडं गेले. थंडीचे दिवस, म्हणून मीही खांद्यावर. सुरेखाआत्याचा नवरा तेव्हा तिथल्या कंपनीत कामाला होता. त्यांचं घर दोन खोल्यांचं, पण स्लॅबचं, आणि दारावर नंबर रंगवलेला. आत्या म्हणाली, दादा, माझाच पत्ता टाक. तुमच्या गावातल्या घराला नंबर न्हाई, सुट्ट्या लागल्या की कुलूप असतं, टपाल कोण घेणार. गोरक्षनाथांना ते बराबर वाटलं. नुसतं बराबर नाही, त्यांना फार बरं वाटलं. जन्मभर त्यांना प्रत्येक शिवारात लोक विचारत आले होते, राहता कुठं? आणि ते आजच्या मुक्कामाचं नाव सांगत आले होते. आता त्यांच्या लेकीला नंबर असलेलं घर मिळालं होतं. कार्ड आलं तेव्हा त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून येईल त्याला दाखवलं. आमची मोनिका शहरात राह्यती, असं गमतीनं म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. पुढं बँकेचं खातं निघालं तेही त्याच पत्त्यावर. कोणी काही खोटं करायला गेलं नव्हतं, मित्रांनो. सगळ्यांनी मिळून एका लेकराला चांगल्यातलं चांगलं घर दिलं होतं, कागदावर का होईना.

मोनिका बारावी झाली. तिला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं, म्हणजे दगडांचंच शास्त्र. तालुक्याच्या कॉलेजात तो विषय नव्हता. संभाजीनगरला होता. तिच्या सरांनी सांगितलं की घरापासून दूर शिकायला जाणाऱ्या मुलामुलींना सरकार राहण्याजेवणाला मदत देतं, तू जा, अर्ज कर. त्या मदतीवरच सगळं ठरलं. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, आणि कळपाच्या जिवावर शहरातली खोली आणि डबा होणार नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोनिकालाही.

आम्ही निघालो त्या दिवशी कंडक्टर मला बघून म्हणाला, ही घोंगडी मांडीवर घे, नाहीतर हिचं अर्धं तिकीट फाडतो. मोनिका म्हणाली, फाडा, पण हिला मग खिडकीची जागा द्या. सगळी बस हसली. किती ऐटीत बोलत होती ती!

गिरिजाबाई नावाच्या काकूंच्या घरी माडीवर खोली मिळाली. खोलीत आधीच एक मुलगी होती, परतूरकडच्या आष्टीची. अर्पिता. शेतकऱ्याची मुलगी, चष्म्यातून डोळे मोठे करून बघणारी. मला बघताच तिनं नाक धरलं.

"मेंढरू आणलंस का काय खोलीत?"

"मेंढरू गावाकडं हाय," मोनिका म्हणाली. "हे त्याचं जर्किन हाय."

पहिल्या थंडीत अर्पिता माझ्याखाली शिरली ती शिरलीच. दोघींनी मदतीचे अर्ज एकाच दिवशी, एकाच केंद्रावर बसून भरले. एकीचा अर्ज दुसरीनं तपासला. गाव, तालुका, शाळा, कॉलेज. आधारचा नंबर टाकला की पत्ता आपोआप येत होता. तो कोणी कशाला वाचतंय?

दिवाळीत मोनिका मला गावाकडं घेऊन गेली, कारण माझा फाटका कोपरा कडूबाईंना शिवायचा होता. परत येताना स्टँडवर उतरली आणि मोबाइल वाजला. अर्पिताला मदत मंजूर झाली होती. मोनिकाचा अर्ज परत आला होता. ती खोलीवर गेलीच नाही. एका खांद्यावर पिशवी, एका खांद्यावर मी, तशीच मदतीच्या ऑफिसात.

खिडकीतल्या मॅडम रागीट नव्हत्या. हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांनी कॉम्प्युटर तिच्याकडं वळवून दाखवला.

"तुझा पत्ता इथलाच आहे. कॉलेजही इथलंच. ही मदत बाहेरून आलेल्यांना असते, बेटा."

"मॅडम, मी बाहेरचीच आहे. पिंपळगाव रेणुकाईची. शाळेचे सगळे दाखले तिथले आहेत."

"शाळा कुठंही शिकता येते. राहायला तू इथली आहेस, असं तुझं आधार म्हणतंय."

मोनिकानं सांगितलं. मेंढरं, शिबिर, आत्या, दारावरचा नंबर. मागं रांग वाढत होती तरी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं, मोनिकाच्या खांद्यावर.

"ते दिसतंय गं मला," त्या म्हणाल्या. "पण मला जे दिसतं ते चालत नाही. इथं जे लिहिलंय ते चालतं."

तिथून मोनिका चालत निघाली. मला वाटलं खोलीवर. पण ती आत्याच्या वस्तीकडं निघाली होती. मित्रांनो, आत्या तिथं नव्हती. कंपनी बंद पडल्यावर ती आणि तिचा नवरा पुण्याला गेले होते, आणि त्यानंतर ती सगळी ओळ रस्ता रुंद करताना पाडली गेली होती. मोनिकाला ते ठाऊक होतं. तरी ती गेली. जिथं दार होतं तिथं आता दुभाजक होता आणि त्यात कण्हेरीची रोपं लावलेली. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि तिनं अर्पिताला फोन लावला.

"अर्पे, मी घरी आले."

अर्पितानं विचारलं असावं, पिंपळगावला का?

"न्हाई. माझ्या संभाजीनगरच्या घरी. पुढच्या खोलीतून यष्ट्या जाऊन राह्यल्यात."

एवढं बोलून ती हसली. मग तिनं माझ्यात तोंड लपवलं. मी खूप पाऊस झेललेला आहे, पण त्या दिवशीचं पाणी आत मुरलं ते अजून वाळलेलं नाही.

आठवड्यानं गोरक्षनाथ आले. ग्रामपंचायतीचा दाखला आणला होता. बापलेक आधार केंद्रावर जाऊन पत्ता बदलायला टाकून आले. बदलही झाला. नवीन पत्ता आला तो पिंपळगावचा, अगदी खरा. तो घेऊन मोनिका मॅडमकडं गेली, तर त्या म्हणाल्या, छान झालं, पण या सालची मुदत गेली, आता पुढच्या साली अर्ज कर.

तो बदल टाकून आले त्या संध्याकाळी गोरक्षनाथ खोलीत माझ्यावर बसले होते. खाटेवर बसायला ते संकोचत होते. बोटानं माझ्या गाठी चाचपत होते.

"आमाला वाटलं," शेवटी ते म्हणाले, "पक्क्या घराचा पत्ता हाय, लेकराला कुठंच अडणार न्हाई."

"आबा, तुमचं काय चुकलं त्यात?"

"मंग कुणाचं चुकलं ते सांग."

मोनिकानं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. मला ते अजून सांगता येत नाही. ते म्हणाले, मेंढे इकतो. ती म्हणाली, आणि पुढच्या साली काय इकाल, कुत्रं? ते थोडं हसले. मेंढे विकायचे नाहीत असं तिनं त्यांच्याकडून वदवून घेतलं आणि त्यांना रात्रीच्या बसमध्ये बसवून आली.

यानंतर काही दिवस दोघींनी एक डबा खाल्ला. अर्पितानंच तसं ठरवलं. मला मदत मिळून राह्यली ती काय एकट्या पोटासाठी का, असं ती म्हणायची, आणि भाकरी मोडताना मोठा तुकडा मोनिकाकडं सरकवायची. मोनिका तो परत सरकवायची. मधोमध भाकरीचा तुकडा आणि दोघी भांडतायत, असं जेवण मी रोज बघत होते. गिरिजाकाकूंनीही भाड्याचं नाव काढलं नाही, पण जिन्यात भेटल्या की दुसरीकडं बघायच्या. मग एक दिवस अर्पिता परीक्षेच्या हॉलमध्ये चक्कर येऊन पडली. तिला खोलीवर आणलं, माझ्यात गुंडाळलं. मोनिका रात्रभर तिच्या उशाशी बसून होती. सकाळी तिनं पेटी भरायला घेतली.

कपडे भरले, पुस्तकं भरली. मी वाट बघत होते. तिनं मला उचललं, झटकलं आणि परत आपल्या खाटेवर नीट अंथरलं.

"हिला इथंच राहू दे," ती म्हणाली. "यष्टीत आपण खिडकीतून रुमाल टाकतो ना जागेवर, तसं."

अर्पिता पडल्या पडल्या म्हणाली, "मोने, लोक रुमाल उचलून फेकतात आणि बसतात."

"हा रुमाल टोचतो."

जिन्यावर पेटीचा आवाज खाली खाली गेला. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा एका जागी राहिले आणि माझं माणूस मला सोडून पुढं गेलं. नेहमी उलटं असायचं. कळप हलला की सगळ्यात आधी मला गुंडाळायचे.

मी माझं काम केलं. खाट बघायला मुली यायच्या. अर्पिता सांगायची, इथं मुलगी आहे, गावाकडं गेली आहे, येईल. एक जण माझ्यावर बसली आणि लगेच मांडी खाजवत उठली. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. पण उन्हाळा सुरू होता होता वाटूरची एक मुलगी आली, सत्यशीला. तिला मदत मंजूर झाली होती आणि डोक्यावर छप्पर नव्हतं. ती दारात पेटीवर बसून राहिली. तिला नाही कसं म्हणणार? तीही कोणाच्या तरी घरून दूर आलेली होती. अर्पितानंच माझी घडी घातली आणि मला कपाटावर ठेवलं, फुटक्या बादलीशेजारी. सत्यशीला खाटेवर गुलाबाचं ब्लँकेट घालून झोपते. चांगली मुलगी आहे. झोपेत पुटपुटते.

मला कसर लागली आहे. माझ्या घडीत झुरळं फिरतात. अर्पिता अधूनमधून वर बघून म्हणते, हिला ऊन द्यायला पाहिजे, आणि मग कॉलेजला उशीर होतो. मी तिला दोष देत नाही.

परवा मोनिकाचा फोन आला. अर्पितानं आवाज मोठा केला, म्हणून मला सगळं ऐकू आलं. मागं मेंढरं ओरडत होती. मला त्यातली दोन तर आवाजावरून ओळखू आली. मोनिका कळपामागं आहे. सांडूबाबांना आता चालवत नाही. कॉलेज म्हणतंय, आलीस तर पहिलं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. माय म्हणते, तालुक्याला कॉलेज आहे, रोज घरी येता येईल, बीए कर, दगडं कोणाला शिकायची असतात का? पत्त्याचा विषय निघाला की आबा उठून मेंढरांत जातात.

मग अर्पिता म्हणाली, "मोने, पाऊस येऊन राह्यला. घोंगडी लागंल तुला रानात. यष्टीनं पाठवून देऊ का?"

पलीकडं एक कोकरू ओरडत होतं, त्याला आई सापडत नव्हती.

"नको पाठवू," ती म्हणाली. "घरी आली तर माय म्हणंल, झालं तिथलं सगळं. राहू दे तिथंच."

फोन ठेवल्यावर अर्पितानं चष्मा पुसला. सत्यशीलानं आपलं ब्लँकेट खाटेच्या एका कडेला सरकवलं.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी म्हातारी वस्तू काहीतरी मागते. मला ऊन द्या, मला जपा, मला अडगळीत टाकू नका. मी तसं मागणार नाही. मी लोकर आहे. मला एक दिवस कसर खाणारच. पण तुमच्या वर्गात एखादी मुलगी असेल, जी दिवाळीनंतर दिसत नाही आणि उन्हाळा संपता संपता रापून परत येते. कोणी तिच्या वासाला हसत असेल. तिचं नाव कुठं लिहायची वेळ आली, तर घाईनं कोणाच्याही घराचा नंबर तिच्यापुढं लिहू नका, मग तो कितीही पक्क्या घराचा असो. तिच्याजवळ बसा आणि विचारा, बाई, तू राहतेस कुठं? सांगायला तिला वेळ लागेल. चार गावं सांगेल, एक ओढा सांगेल, एक टेकडी सांगेल. तुम्ही सगळं ऐका, आणि ती म्हणेल तसंच लिहून घ्या.

ती चुकीचं सांगणार नाही. ती तिथं चालत गेलेली असते.